सिराज मुकरीचा कान

सिराजने नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवला आणि काहीही झालं नाही. गाणं वाजत होतं तसंच वाजत राहिलं. मग त्याने तो उलटा डावीकडे नेला, पार अडेपर्यंत, तरी गाण्याने कूस बदलली नाही. वाटलंच होतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं. एखाद्या माणसाविषयी आपण आधीच वाईट बोलून ठेवलेलं असावं आणि त्याने आपला शब्द खाली पडू देऊ नये, तसं ते बरं वाटणं होतं. "मेलाय," तो मागे न बघता म्हणाला. "चार किलोहर्ट्झचा बॅन्ड मेलाय ह्याचा. डबा आहे डबा. चिवडा भरून ठेव ह्यात." हे म्हणताना त्याने नॉब पुन्हा उजवीकडे नेऊन सोडला आणि सहज समोर पाहिलं. समोर गायकाच्या खोलीची काच होती. खोलीत दिवा नव्हता, म्हणून काचेत मागचा सोफा दिसत होता, आणि सोफ्यावर बसलेल्या मेघालीने दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले होते. डोळेसुद्धा घट्ट मिटले होते. तिच्या शेजारी जीवन मान आखडून, खांदे वर चढवून बसला होता, डॉक्टर सुई टोचणार असल्यासारखा. सिराजने गाणं थांबवलं. काचेतल्या मेघालीने हात खाली घेतले आणि शहाण्या मुलीसारखे मांडीवर ठेवले.

एवढंच झालं. एवढ्याने सिराज मुकरीचं काही बिघडायचं कारण नव्हतं. ही मेघाली वज्रेश्वरीची, विशीतली, देवळाच्या वाटेवर आईचं नारळ-फुलांचं दुकान, बाप बावीस वर्षं बसने भिवंडीला येऊन कापडाचे लूम चालवून आता घरी बसलेला. पोरगी स्टुडिओ नावाची वस्तू आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. अशांना मोठा स्पीकर म्हणजे काय ठाऊक? मोबाइलच्या भोकातून गाणं ऐकणारी पिढी. आणि जीवनचं तर बोलायलाच नको. जीवन शेलार गावचा, बापाने भातखाचरं गोडाऊनवाल्यांना दिली आणि त्या दिवसापासून मुलाला गाणी सुचायला लागली. हळदीची गाणी, सगळी एका चालीची, नवरीच्या जागी नवरा घातला की दुसरं गाणं तयार. वर्षाला अशी चाळीस गाणी तो सिराजकडे रेकॉर्ड करायचा, चाचा चाचा करत पाया पडायचा, आणि सिराज त्याच्या चाळीसही गाण्यांना मनातल्या मनात थुंकून मग ती नीट मिक्स करून द्यायचा. कलेचा राग हातावर काढायचा नाही, हा त्याचा बाणा होता. भिवंडीच्या निजामपुऱ्यात बाणा असलेली माणसं उरली होती किती? त्याच्या हिशेबी एक.

तो डबा सकाळी जीवननेच टॉवेलात गुंडाळून आणला होता. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, ओळीने नॉब, दोन बोटांनी उचलला जाईल एवढं वजन. कुठल्याशा नामांकित विलायती कन्सोलमधल्या इक्वलायझरची नक्कल होती ती. अस्सल वस्तू घ्यायची तर माणसाने घर विकावं. ही नक्कल चांगल्या मोबाइलच्या भावात घरपोच येत होती, आणि म्हणून जगातल्या प्रत्येक उपटसुंभाच्या टेबलावर आता ती बसली होती. गाण्यातला कुठला स्वरपट्टा, म्हणजे बॅन्ड, उचलायचा आणि कुठला दाबायचा, एवढंच त्या यंत्राचं काम; पट्टे किलोहर्ट्झमध्ये मोजायचे, धंद्याच्या बोलीत नुसतं किलो. पण त्या एवढ्यासाठीच सिराजने मुंबईत अकरा वर्षं घासली होती. "चाचा, रागाऊ नका," जीवन टॉवेल सोडता सोडता म्हणाला होता. "डीजेवाले पोरं बोल्तात, तुमच्याकरची गानी जाम टोचतात. हलदीला लावली का म्हाताऱ्या बायका उठून जातात. मंग मी बोल्लो, शेवटाला ह्याच्यातून काढू. खराखुरा इक्वलायझर हाय, कॉम्प्युटरमधला न्हाय."

"म्हाताऱ्या बायकांना घरी कामं असतात, जीवन. म्हणून उठतात."

"तसा बी असंल," जीवन म्हणाला होता आणि वायरी जोडायला वाकला होता.

डीजेवाले बोलतात! सिराजला राग डीजेवाल्यांचाही आला नव्हता, राग यायला समोरचं निदान माणूस लागतं. टेम्पोवर आठ-आठ खोकी रचून गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा हलवणारे ते लोक, त्यांना आवाजाची पारख! ज्यांच्या आयुष्यात 'धुम्म' याखेरीज दुसरा स्वर आलेला नाही त्यांनी सिराज मुकरीच्या मिक्सवर मत द्यायचं. नाचता येईना अंगण वाकडं. पण हे सगळं मनात घोळवत असताना त्याची नजर परत परत काचेकडे जात होती. मेघालीने कान का झाकले? आणि झाकले ते झाकले, पण तेव्हाच का, नॉब उजवीकडे असतानाच? डावीकडे होता तेव्हा ती काय करत होती, हे त्याने पाहिलं नव्हतं. "तुम्ही खाली जाऊन चहा पिऊन या," तो खुर्ची वळवून म्हणाला. "मी ह्या डब्याचं पोस्टमॉर्टेम करतो." मेघाली उठता उठता काहीतरी पुटपुटली. तिचा चेहरा दाराकडे होता. हल्ली कुणालाच तोंड उघडून बोलता येत नाही, सगळे तोंडात गुळणी धरून बोलतात, असं सिराजचं गेली कित्येक वर्षं मत होतं.

दार लागलं आणि खोली एकदम रिकामी झाली. शुक्रवार होता, खालच्या शेडमधले लूम बंद होते. लूम चालू असले की फरशीतून तळपायांना एक बारीक थरथर लागायची, ती आज नव्हती, आणि त्यामुळे आपण खुर्चीवर नीट टेकलेलोच नाही असं त्याला वाटत राहिलं. शेड अब्बांची. अब्बा गेल्यावर ती धाकट्या इम्रानच्या हातात गेली, आणि इम्रान हा लूम विकून तिथे कुरियरचं गोडाऊन काढावं एवढीच अक्कल असलेला माणूस. ते त्याने अजून केलं नव्हतं ते आळसापोटी. वरचा हा मजला सिराजच्या वाट्याला आला. तो सहा वर्षांचा असताना अब्बा त्याला हाताला धरून शेडमध्ये घेऊन जायचे. अठ्ठेचाळीस लूम एकदम चालायचे, आणि आत पाऊल टाकलं की आवाज ऐकू यायचा बंद होऊन अंगाला लागायला सुरुवात व्हायची. त्या आवाजात कोणी ओरडत नसे. ओरडून उपयोगच नव्हता. सगळे नुसते ओठ हलवायचे, घशातून आवाज न काढता, सावकाश आणि मोठे, आणि पन्नास फुटांवरचा माणूस मान डोलवायचा. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, चहा सांग, याची बायको पळाली, सगळं ओठांवर. सिराज कुराण वाचायला शिकण्याच्या आधी हे वाचायला शिकला. आठव्या वर्षी तो रस्त्यापलीकडच्या दुकानातलं भांडण घरच्या खिडकीतून सांगायचा आणि अम्मी तोंडाला पदर लावून हसायची.

मुंबईला गेल्यावर ही विद्या फार कामाला आली. ताडदेवच्या ज्या स्टुडिओत तो कामाला लागला, तिथे काचेपलीकडे निर्माता आणि संगीतकार काय कुजबुजतात ते सिराज इकडे बसून सांगायचा. निर्माता म्हणतोय बाई बेसूर आहे, संगीतकार म्हणतोय बाई तुमचीच आहे. सगळे खिदळायचे. फक्त कांगासाहेब हसत नसत. कांगासाहेब तिथले मोठे रेकॉर्डिस्ट, पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या, बोटं लोण्यासारखी नॉबवर फिरणारी. कन्सोलसमोर बसवताना त्यांनी पहिल्याच दिवशी सिराजच्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला होता. "आंख बंद कर, दीकरा. आंख चोर है. कान का माल आंख खा जाती है." आणि मग डोळ्यांवर हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी नॉब फिरवले होते आणि विचारलं होतं, अब क्या किया? आणि चोवीस वर्षांचा सिराज म्हणाला होता, तीन किलो उचललं. अब? चार. अब? परत तीन, पण थोडंसंच. कांगासाहेबांनी हात काढला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या चेहऱ्यावर सिराज पुढची तीस वर्षं जगला. जगात कोणी त्याला कमी लेखलं की तो तो चेहरा काढून बघायचा आणि समोरच्याला मनातल्या मनात मोडीत काढायचा. इम्रानला, डीजेवाल्यांना, बायको खदीजाच्या भावांना, ताडदेवचा स्टुडिओ बंद करून तिथे जिम काढणाऱ्या मालकाला, सगळ्यांना त्याने असंच मोडीत काढलं होतं. माझ्याकडे कान आहे. तुमच्याकडे काय आहे?

त्याने कॉम्प्युटरवरून नुसता स्वर सोडला. गाणं नाही, बाजा नाही, एक सरळ शिट्टी, टीव्हीवर पूर्वी कार्यक्रम संपल्यावर यायची तशी. एक किलोला ती छान, गोल, ठणठणीत आली. दोनला आली. तीनला आली, पण लांबून, कोणी दोन गल्ल्या सोडून वाजवत असल्यासारखी. त्याने चारवर नेलं. शिट्टी बंद पडली. वायर सुटली असेल म्हणून त्याने वायर दाबली. मीटरचे हिरवे दिवे वरपर्यंत पेटलेले होते. डबा खराब आहे म्हणून त्याने डबा मधून काढूनच टाकला, कॉम्प्युटर थेट स्पीकरला जोडला, ते विलायती स्पीकर, ज्यांच्यावर त्याचा अब्बांपेक्षा जास्त विश्वास होता. मीटर वर, खोलीत काही नाही. त्याने स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवलं. पडदा थरथरत होता. बोटाला शिट्टी ऐकू येत होती. तो आठ किलोवर गेला तेव्हा तिथे पुन्हा काहीतरी होतं, बारीक, वाळूसारखं. परत चार. परत काही नाही. गाण्यात शब्दांना धार येते ती हीच जागा, स आणि श आणि त ची जागा, आणि ती जागा भिंतीतली वीट काढावी तशी कोणीतरी काढून नेली होती. कधी नेली? त्याला चोरी झाल्याचा पत्ताच नव्हता. त्याने मीटरकडे बघत स्वर तसाच चालू ठेवला, आणि त्याच्या डोक्यात पहिला विचार जो आला तो असा आला, की हे शक्यच नाही, कारण बहिरे होतात ते लूमवरचे कारीगर.

हे मुकरींच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दहा-पंधरा वर्षं लूम चालवलेला माणूस कानाने जातो; त्याला हाक मारायची नाही, समोर जाऊन उभं राहायचं. अब्बा म्हणायचे, ह्या लोकांचे कानच कच्चे. अम्मी म्हणायची, गरम पाण्याने डोकं धुतात म्हणून. इम्रान आणि सिराज लहानपणी त्यांची नक्कल करायचे, हाताचा पेला कानाला लावून, "ऑं? ऑं?" करत. मालकाचा मुलगा बहिरा होतो हे कुणी कधी ऐकलंही नव्हतं. मालकाचा मुलगा शेडमध्ये खेळतो, अभ्यास करतो, सुट्टीत दुपारी कापडाच्या ताग्यांवर झोपतो, पण तो तिथे ड्युटी करत नाही. आणि आजार हा ड्युटी करणाऱ्याला होतो, ही घरातल्या सगळ्या शहाण्यांची समजूत. आवाज काय हजेरीचं मस्टर बघून कानात शिरतो? पण हा साधा प्रश्न मुकरींच्या तीन पिढ्यांत कुणाला पडला नाही, आणि आवाजाचाच धंदा करणाऱ्या सिराजला तर मुळीच नाही. मुंबईहून परत आल्यावर त्याने याच शेडच्या डोक्यावर स्टुडिओ मांडला होता. भिंतींना गाद्या ठोकल्या, दाराला रबर लावलं, लूमचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून काय नाही केलं. आणि तरीही फरशीतून जी धडधड यायची तिच्यावर मात करायला हेडफोन कानाला लावून आवाज वाढवत नेला. अठरा वर्षं. माइकची त्याने फार काळजी घेतली.

आणि हे कळलं कसं नाही? तेही त्याला आता स्वच्छ दिसायला लागलं, आणि ते दिसणं फार किळसवाणं होतं. कॉम्प्युटरमधल्या इक्वलायझरला पडदा असतो. पडद्यावर रेघ असते. चारवर रेघ वर उचलली की टेकडी दिसते, टेकडी दिसली की धार आली असं वाटतं, आणि कान मान डोलावतो, घरजावयासारखा. इतकी वर्षं तो टेकड्या बघून गाणी मिक्स करत होता. शब्दांना धार नाही वाटलं की टेकडी उंच करायची, तरी नाही वाटलं की आणखी उंच. जीवनच्या त्या निळ्या डब्याला पडदा नव्हता. त्या हलक्या, नकली, चिवडा भरायच्या लायकीच्या डब्यावर बघायला काही नव्हतं, नुसता नॉब होता, आणि नॉब फिरवल्यावर जे काही व्हायचं ते कानातच व्हायला हवं होतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकून उडालाच. खदीजा मागे उभी होती. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हाताने ओढणीसकट कान दाबलेला, आणि चेहरा असा, की घरात गॅस सुटलाय. तिचे ओठ हलले आणि त्याने ते वाचले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण ऐकत नाही, वाचतोय हे समजलं. "या अल्ला, बंद करा ते! जिन्यापास्न कान फुटतायत माझे. किती हाका मारल्या." त्याने स्वर बंद केला. खदीजाने सुस्कारा सोडून डबा टेबलावर ठेवला.

"तपासत होतो," तो म्हणाला.

"काय तपासायचं त्यात? खालच्या चहावाल्याने मान वर केली. तुम्हाला नाही का लागत कानाला?"

"लागतं ना. लागतं म्हणूनच तपासतोय."

खदीजाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. तिला काही कळलं की नाही हे सिराजला तिच्या चेहऱ्यावरून समजेना. मग ती डब्याची झाकणं काढायला वळली आणि पाठमोरी बोलत राहिली. तिच्या बोलण्याचे दगड त्याच्यापर्यंत पोचत होते, दगडांमधलं पाणी नाही. आपण उठून तिच्या समोर जाऊन उभं राहावं असं त्याला वाटलं, लोक कारीगराच्या समोर जाऊन उभे राहायचे तसं, फक्त इथे बहिऱ्यानेच उठून जायचं. तो उठला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने तिच्या समोर गेला. "...अफीफा म्हणते, अब्बांना मागून काही सांगितलं की ते उत्तरच देत नाहीत, माझ्या सासरचं नाव आवडत नाही त्यांना," खदीजा सासरी दिलेल्या मुलीचं सांगत होती. "मी म्हटलं, पोरी, मनाला लावून घेऊ नको. त्यांना बारा महिने कोणाचा ना कोणाचा राग असतो. मीपण स्वयंपाकघरातनं बोलायची बंद झाले आता. कशाला भिंतीशी बोलायचं?" ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तशी बोलत होती. सिराज पेला हातात धरून उभा राहिला. म्हणजे घरात सगळ्यांनी असं धरलं होतं, की हा माणूस आपल्याला तुच्छ मानतो म्हणून उत्तर देत नाही. आणि त्यात खोटं काही नव्हतं. तो त्यांना तुच्छ मानतच होता, पुटपुटतात म्हणून.

खदीजा गेली तरी त्याने घास घेतला नाही. त्याच्या डोक्यात चंद्रा आली होती. चंद्रा वाडा तालुक्यातली, उंच, सावळी, पाच-सहा वर्षांपूर्वी तिने सिराजकडे ओळीने सहा गाणी गायली. पहिलं गाजलं, दुसरं वाजलं, आणि मग लोक म्हणायला लागले की बाईचा आवाज टोचतो. त्या सुमारास सिराजला सगळ्याच बायका घशात गोधडी कोंबून गातात असं वाटायचं, म्हणून तो प्रत्येकीला चांगली धार लावायचा. चंद्राला सगळ्यांत जास्त लावली, कारण तिचा आवाज त्याला आवडायचा. पुढे जीवननेच एकदा तिचं नाव काढलं तेव्हा सिराज खुर्चीत रेलून म्हणाला होता, "आवाजातच खोट आहे तिच्या. मशीन काय करणार?" जीवनने ते सगळीकडे सांगितलं, कारण सिराजचाचाचा शब्द म्हणजे शब्द. चंद्राला कोणी बोलावेनासं झालं. ती आता कुठे होती कोण जाणे. एकदा ती इथे येऊन गेली होती, खालीच उभी होती रिक्षापाशी, आणि त्याने खिडकीतून तिचे ओठ वाचले होते. ती रिक्षावाल्याला सांगत होती, थांब, लगेच येते. मग जिन्याकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली आणि वर न येता निघून गेली. सिराजला तेव्हा वाटलं होतं, आली असेल उधारीवर गाणं करून मागायला. थू! आपल्या तोंडाची चव त्याला इतकी वाईट कधी लागली नव्हती.

जीवन आणि मेघाली परत आले तेव्हा निळा डबा त्याने पुन्हा मधे जोडून ठेवला होता; का जोडला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. "बघितला?" जीवनने सोफ्यावर बसत विचारलं. सिराजने खुर्ची वळवलेली होती, दोघांचे चेहरे समोर होते. सांगायचं त्याने ठरवून ठेवलं होतं. माल खराब आहे, परत पाठव, मी कॉम्प्युटरवर करून देतो, संध्याकाळी घेऊन जा. एवढं एक वाक्य. ते बोललं की सगळं होतं तसं राहणार होतं: कान, नाव, चाचा चाचा, कांगासाहेबांचा चेहरा. दुसरं, खरं वाक्यही होतं, पण ते बोललं असतं तर संध्याकाळपर्यंत शेलारला पोचलं असतं आणि उद्या टेम्पोवरची पोरं हाताचा पेला कानाला लावून दाखवत फिरली असती.

"खराब आहे," तो म्हणाला. "पाठव परत."

"चाचा बोल्ले म्हंजे असंल," जीवनने मोबाइल काढला. "पाठवतो मी."

"न्हाय वो," मेघाली म्हणाली. पहिल्यांदाच ती चेहरा समोर ठेवून बोलली. "त्यो चालतो. तुमी फिरवला ना उजव्या बाजूला, तवा माझा आवाज चाकूसारा झाला. डाव्या बाजूला बरा व्हता, घरी गाते तसा."

"तुला काय कळतं?" सिराज म्हणाला. तोंडून सवयीने गेलं, शिंक जावी तसं.

"मना मशीनमधला काय बी कळत न्हाय," ती खाली बघून म्हणाली आणि मग तिने मान वर केली. "पन गाना टोचला तं लोक काय बोल्तील? मिक्स टोचतो असा कोन बोल्नार न्हाय. मेघाली टोचते असा बोल्तील. माझा पयलाच गाना हाय."

"गप बस गं," जीवन दबक्या आवाजात म्हणाला, "चाचांना शिकवतंस काय?" सिराजने त्याचेही ओठ वाचले. खोलीत कोणी कोणापासून काही लपवू शकत नव्हतं, त्याच्यापासून तर नाहीच. आणि ते एवढं सगळं वाचता येणारा माणूस इतकी वर्षं गाढवासारखा बसून राहिला होता. त्याला त्या पोरीचा राग आला. विशीतली पोरगी, देवळापुढे फुलं विकणारी, हिच्या हातात आपली मान द्यायची? मग त्याने मागचं स्टूल ओढलं आणि काचेला टेकवून, आपल्या अगदी समोर ठेवलं.

"इथं बस," तो मेघालीला म्हणाला. "माझ्याकडं तोंड करून."

"मी? कशाला?"

"बस म्हणतो ना."

ती येऊन बसली. जीवन सोफ्यावर डबा परत पाठवायच्या खटपटीत मोबाइलवर वाकला होता. सिराजने गाणं सुरू केलं, एका हाताने निळ्या डब्याचा तो नॉब धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा कन्सोलसमोर बसून कन्सोलकडे न बघता दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. नॉब उजवीकडे. पोरीच्या भुवया जवळ आल्या, नाकपुड्या आखडल्या. हळूहळू डावीकडे. कपाळ सुटायला लागलं. आणखी डावीकडे, आणखी. तिचे खांदे खाली आले, आणि एका जागी, मधल्या रेघेच्या बरंच डावीकडे, तिच्या ओठांची कड आपोआप वर गेली. स्वतःचा आवाज स्वतःला पहिल्यांदा भेटल्यासारखं ती ऐकत होती. सिराजला मात्र गाणं मघाशी होतं तेच होतं. एका केसाचा फरक नव्हता. त्याने नॉब तिथेच ठेवला, तिचं तोंड पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि गाणं संपल्यावर हात बाजूला घेतला. खोली शांत झाली.

मेघाली त्याच्याकडेच बघत होती. त्याच्या हाताकडे नाही, डब्याकडे नाही. त्याची नजर आपल्या तोंडावर जिथे खिळली होती तिथे तिचं लक्ष होतं. मग तिचे ओठ हलले, सावकाश आणि मोठे, एकेक शब्द सुटा. लूमवर कान घालवून घरी बसलेल्या बापाशी ती रोज अशीच बोलत असणार. "चाचा, तुमाना आयकू येत न्हाय ना?"

"येतं!" सिराज ताडकन म्हणाला. "स्वच्छ ऐकू येतं मला."

मेघालीच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिने पटकन तोंडावर हात ठेवला. तिच्या डोक्यामागे काचेत जीवन दिसत होता. त्याने मोबाइलमधून मान वर काढली होती, आणि सिराजच्या पाठीकडे, मग मेघालीकडे, मग पुन्हा सिराजकडे बघत त्याचे ओठ हलत होते.

"कोनाशी बोल्ताव, चाचा? आवाज तं कोनाचाच न्हाय आला."